हालचाल आढळली

कुरडया करायच्या तर हवामानाचा अंदाज आजचा-उद्याचा असून भागत नाही, चौथ्या दिवसाचा लागतो. गहू तीन दिवस भिजतो, त्याचं पाणी रोज बदलायचं. मग तो वाटायचा, पिळून चोथा बाजूला काढायचा, चीक रात्रभर निवळत ठेवायचा आणि पहाटे वर आलेलं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. त्यानंतर चीक शिजवायचा, गुठळी होऊ न देता घोटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर पळायचं. या सगळ्यात मध्येच थांबायची सोय नाही. तीन दिवस भिजलेल्या गव्हाला ‘आज जरा आभाळ आहे, उद्या बघू’ असं सांगता येत नाही. तो आंबतो, आणि ती बातमी आधी आपल्या मजल्यावर आणि मग खालच्या मजल्यावर पोचवतो.

म्हणजे पहिल्या दिवशी गहू भिजत घालणारी बाई चार दिवसांनंतरच्या उन्हावर पैज लावत असते. माझी आई अशा पैजा पन्नासेक वर्षं लावते आहे. हरलेल्या ती मोजत नाही.

बाजारात तयार कुरडया मिळतात आणि फोनवरून मागवल्या तर दूध उतू जायच्या आत दारात येतात, हे मी तिला एकदा सांगून पाहिलं होतं. एकदाच.

ही गोष्ट २०२५ च्या मे महिन्यातली. ज्यांनी त्या वर्षी महाराष्ट्रात वाळवण घातलं, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो.

आमच्या घरात हवामानाचे तीन स्रोत आहेत. एक माझा फोन, दुसरं आईचं पंचांग आणि तिसरा सावकार. सावकार हा आमचा बोका. आमचा म्हणजे त्याच्या मते आम्ही त्याचे. दूध यायच्या आणि मासळी धुवायच्या वेळेला तो बरोबर वसुलीला हजर होतो, म्हणून हे नाव. एरवी दिवसभर पत्ता नसतो.

फोन म्हणाला, ‘पावसाची शक्यता चाळीस टक्के.’

“चाळीस टक्के म्हणजे काय?” आईने विचारलं. “चाळीस टक्के पुण्यात पडणार का? की दिवसातला चाळीस टक्के वेळ पडणार?”

मी तिला समजावलं, की अशी हवा असलेले दहा दिवस घेतले तर त्यातल्या चार दिवशी इथे पाऊस पडतो, असा त्याचा अर्थ.

“म्हणजे सहा दिवशी नाही पडत.”

“नाही पडत.”

“मग ‘बहुतेक नाही पडणार’ असं सरळ बोलायला त्याला काय होतं?” आणि तिने गहू निवडायला घेतला.

हसू आलं, पण तिने केलेलं भाषांतर अगदी बरोबर होतं. खरी अडचण वेगळी आहे. कुरडया चाळीस टक्के भिजत नाहीत. फोनवरचा आकडा खूप दिवसांच्या हिशेबात खरा ठरतो आणि वाळवण मात्र त्याच एका दिवशी गच्चीवर असतं.

आईच्या पंचांगाचं तसं नसतं. तिथे टक्के नाहीत, जनावरं आहेत. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस चांगला, कोल्हा आला की पाऊस हुलकावणी देणार. लहानपणी मला वाटायचं, की हे कुणी ऋषी ध्यान लावून ठरवत असतील. तसं नाही. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आलेल्या संख्येला नवाने भागायचं आणि बाकी उरेल त्या क्रमांकाचं जनावर घ्यायचं. नऊ बाक्या, नऊ जनावरं. म्हणजे हेही गणितच, फक्त ते गणितासारखं दिसत नाही. ‘चाळीस टक्के’ ऐकून कुणी छत्री घेईल न घेईल, पण ‘वाहन म्हैस’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर डबकं येतं.

पंचांगाप्रमाणे मृग लागणार होता ८ जूनला. पुण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमाराला येतो, तेव्हा दोघांचं जमत होतं. मे महिना आपलाच, असं आईने ठरवलं. मधूनच एखादा वळीव येईल, पण वळीव हा पाहुणा. चारच्या सुमाराला येणार, पत्रे वाजवणार, चार गारा टाकून जाणार. त्याच्यासाठी संध्याकाळच्या आत वाळवण खाली आणलं की झालं.

या सगळ्यात एका माणसाचं कुणीच ऐकलं नाही. माणूस म्हणजे हवामान खातं. पुण्यात त्याला चेष्टेचा विषय मानायची परंपरा आहे. शिवाजीनगरच्या त्याच्या दगडी इमारतीला गाव अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतं, कारण १९२८ साली ते कार्यालय शिमल्याहून इथे आलं. त्याला शंभर वर्षं होत आली तरी बसचा कंडक्टर ‘चला, सिमलाऽऽ’ असं ओरडतो आणि पुण्यात नवा आलेला एखादा पोरगा दचकून तिकिटाकडे बघतो. खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद माझे वडील करायचे, मी करतो आणि माझी मुलगीही करते. तिघांपैकी कुणीही त्याची एकदाही पडताळणी केलेली नाही.

त्या वर्षी १० मे रोजी खात्याने सांगितलं होतं, की पाऊस केरळात २७ मेला पोचेल, चार दिवस इकडे किंवा तिकडे. नेहमीची तारीख १ जून. मी ती बातमी फोनवर वाचली, आईला वाचून दाखवली, दोघंही हसलो आणि गहू भिजत घातला.

आता गच्ची. पूर्वी वाळवणाची राखण मुलांकडे असायची. परीक्षा झालेली, उनाडायला मन मोकळं, आणि बरोब्बर तेव्हाच हातात काठी देऊन गच्चीवर बसवायचे. शेजारी काळी छत्री उघडी ठेवायची, म्हणजे कावळे बिचकतात. मी या नोकरीत सहा उन्हाळे काढले आहेत. पगार म्हणजे अर्धवट वाळलेले सांडगे, जे मोजून ठेवलेले नाहीत अशी आपली समजूत असते. ते मोजलेले असत.

आता मुलंच नाहीत. आमची मुलगी हैदराबादला नोकरी करते. तिने आधीच्या दिवाळीत घरासाठी एक कॅमेरा पाठवला होता, ‘आजीवर लक्ष राहावं म्हणून’. आजीने त्यावर पहिल्याच दिवशी मिक्सरचं कव्हर घातलं. तेव्हापासून तो रिकामाच होता. त्याला मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधलं आणि घरात येऊन पंख्याखाली बसलो. काठी नको, छत्री नको, ऊन नको. काही हललं की फोनवर निरोप येणार. पंचेचाळीस वर्षांपूर्वी हे कुणी का शोधून काढलं नाही, असं मनापासून वाटलं.

पहिला निरोप आला, ‘व्यक्ती आढळली’. बघतो तर सावकार. तो प्लास्टिकच्या कडेने, कुरडयांच्या रांगांमधून तपासणीला आलेल्या साहेबासारखा फिरत होता. मग ‘पाळीव प्राणी आढळला’. तो कावळा होता. मग ‘हालचाल आढळली’. ती शेजारच्यांची वाळत घातलेली चादर. मग पुन्हा व्यक्ती. खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या असतील म्हणून बघितलं, तर पुन्हा सावकार, या वेळी उताणा. जेवायच्या वेळेपर्यंत सदतीस निरोप आले. प्रत्येक वेळी फोन थरथरायचा, मी चष्मा लावायचो आणि चादर बघायचो. लांडगा आला रे म्हणून ओरडणारा मुलगा निदान दोन-तीनदाच ओरडला होता.

अडतिसाव्याला मी फोनचा आवाज बंद केला.

पहिला दिवस निभावला. ऊन असं कडक होतं, की संध्याकाळी कुरडयांच्या कडा प्लास्टिक सोडू लागल्या. दुसऱ्या दिवशी आई आणि बायको चिंचवडला एका लग्नाला गेल्या. जाताना आई म्हणाली, “मुंग्या अंडी घेऊन निघाल्यात, लक्ष ठेव.” हे वाक्य ती मे महिन्यात दर तीन दिवसांनी म्हणते, त्यामुळे मी मुंग्यांचा निरोपही आवाज बंद करून ठेवला असं म्हणायला हरकत नाही. मी जेवलो, आडवा झालो. सावकार पलंगाखाली झोपला होता. प्राण्यांना पावसाची चाहूल आधी लागते, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही नोंद: वीज कडाडली तेव्हा त्याने एक कान हलवला आणि तो परत दुमडून घेतला.

चार वाजून दहा मिनिटांनी गच्चीवर पाऊस सुरू झाला. कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलं. त्याने हैदराबादला आणि मला एकाच क्षणी कळवलं, ‘हालचाल आढळली’.

मुलीने फोन उघडला आणि साडेपाचशे किलोमीटर लांब ऑफिसात बसून आजीच्या कुरडयांवर पडणारा पहिला थेंब पाहिला. तिने मला फोन लावला. तो उशीखाली थरथरत राहिला. तिने आईला लावला. आई मांडवात, फोन पर्समध्ये, पर्स मावशीकडे. शेवटी तिने खालच्या काकूंना लावला. काकू दोन मजले चढून आल्या, बेल वाजवली, आणि मी दार उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हैदराबादहून निरोप आहे, तुमच्या गच्चीवर पाऊस पडतोय.”

आम्ही दोघं धावलो. प्लास्टिक चार कोपऱ्यांना धरून उचलायचं असतं, आणि आम्ही होतो दोघंच. उरलेल्या दोन कोपऱ्यांतून पाणी मध्ये जमलं आणि कुरडया त्यात पोहायला लागल्या. हे सगळं चित्रीकरणात आहे. रंगीत, अगदी स्वच्छ, आवाजासकट. माझा आवाजही आहे, तो मी नंतर पुसायचा प्रयत्न केला, पण ती सोय कॅमेऱ्यात नाही.

त्या रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर पावसाच्या अकरा कविता आल्या. मातीचा गंध, चातक, खिडकीतला चहा. आमच्या गच्चीवर माती नाही, सिमेंट आहे, आणि त्यावर ओल्या चिकाचा वास होता. मी एकाही कवितेला अंगठा दिला नाही.

आईने परत आल्यावर काय म्हटलं? काहीच नाही. तिने पदर खोचला, दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला लावायला सांगितलं, जुनी धुवट धोतरं काढली आणि रात्री अकरा वाजता निवाडा सुरू झाला. नुसत्या ओलावलेल्या कुरडया एका बाजूला, त्या पंख्याखाली. पार मऊ पडलेल्या दुसऱ्या बाजूला, त्यांची भाजी. कुरडईची भाजी ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. वाळलेली कुरडई पाण्यात भिजवायची आणि कांदा, मिरची, कोथिंबीर घालून परतायची. “भिजवायचं काम त्याने फुकटात केलं,” असं आई वर बघत म्हणाली. आम्ही ती भाजी तीन दिवस खाल्ली. पहिल्या दिवशी छान लागली.

त्यानंतर ऊन आलंच नाही म्हटलं तरी चालेल. २४ मेला पाऊस केरळात पोचला. २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. खात्याने दिलेल्या चार दिवसांच्या मुदतीत तो बरोबर बसत होता, म्हणजे हसलो होतो ते आम्हीच चुकलो होतो. मग त्याने कोकण, घाट काही बघितलं नाही आणि दोनच दिवसांत, २६ मेला, मुंबई आणि पुणे दोन्ही गाठलं. मुंबईत तर नोंदी आहेत तेव्हापासून तो इतक्या लवकर कधी आला नव्हता.

त्याच २६ मेला आणखी एक गोष्ट घडली. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ त्या दिवशी देशाला अर्पण झाली. आधी जगाचा नकाशा बारा किलोमीटरच्या चौकटींत कापून अंदाज काढायचे, आता सहा किलोमीटरच्या. मुहूर्त अचूक साधला होता, कारण नवं यंत्र सुरू झालं तेव्हा पाऊस पुण्यात येऊन बसलेला होता. बाकी सहा किलोमीटर म्हणजे मोठीच प्रगती आहे, यात शंका नाही. पण कोथरूडपासून स्वारगेटही साधारण तेवढ्याच अंतरावर, आणि स्वारगेटला गुडघाभर पाणी असताना कोथरूडला धूळ उडते, हे पुण्यात कुणालाही सांगावं लागत नाही. आमची गच्ची वीस फूट बाय तीस फूट. तिच्यासाठी वेगळी चौकट निघेपर्यंत काठीवाला मुलगाच लागेल.

घराची दशा त्या आठवड्यात बघण्यासारखी होती. दिवाणखान्यात धोतरांवर कुरडया. पलंगाखाली हापूसची पेटी. पेटीवर एक चौकोनी ठिपक्यांची चिठ्ठी, ती फोनला दाखवली की आंबा कुठल्या बागेतला ते कळतं. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचाच तो खरा, तेव्हा गाव विचारणं रास्तच. पण कापल्यावर आत साका निघेल की नाही, हे त्या चिठ्ठीत नसतं. ते अजूनही कापल्यावरच कळतं. आई आंबा देठाशी नाकाला लावते, डोळे मिटते आणि ‘हा उद्या’, ‘हा परवा’ असं सांगून वेगळा ठेवते. दहातले सात बरोबर निघतात. सत्तर टक्के. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, की उरलेले तीन आंबा चुकतो.

पेटी उघडल्यावर घरभर जो वास सुटला त्याने शेजारची मुलं आली, काकू आल्या, इस्त्रीवालाही दोन मिनिटं रेंगाळला. सावकाराने मात्र आमरसाची वाटी हुंगली आणि मान फिरवली. मला तो त्याचा माज वाटायचा. नंतर वाचलं, की मांजरांना गोड कळतच नाही. गोड चव ओळखणाऱ्या पेशींसाठी जी दोन जनुकं लागतात, त्यातलं एक मांजरांच्या सबंध कुळात मोडलेलं आहे. वाघ-सिंहसुद्धा त्यातच आले. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली हे दाखवलं. वाचून मला गलबलून आलं. हापूसच्या मोसमात कोथरूडला जन्म घ्यायचा आणि त्यातलं काहीच कळायचं नाही. मग तो वाटीवरची साय तेवढी चाटून गेला आणि माझी करुणा ओसरली.

पावसाचा पहिला सपाटा झाल्यावर हापूस खाऊ नये, असं आई म्हणते. त्यामुळे २६ मेपासून उरलेले अठरा आंबे दोन दिवसांत संपवायचा घरात आदेश निघाला. वर्षभर ज्याची वाट बघायची त्याच्यावर असं तुटून पडावं लागलं की त्यात मजा राहत नाही. तरी मी सहा खाल्ले.

आणि मग पाऊस गेला. मेअखेर तो जसा थबकला तसा जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. ज्यांनी घाईने पेरलं त्यांचे जीव टांगणीला लागले, त्यांच्यापुढे आमच्या कुरडया कुठे. ८ जूनचा रविवार उजाडला, मृग लागला, आणि त्या दिवशी सकाळी ऊन होतं. चक्क एप्रिलसारखं. फोन साठ टक्के म्हणत होता. पंचांगात काय वाहन होतं, ते आईने बघितलंच नाही. “ते पावसासाठी असतं,” ती म्हणाली. पंख्याखाली तरलेल्या कुरडयांची पाटी तिने स्वतः उचलली, डोक्यावर जुनी काळी छत्री घेतली आणि ती गच्चीवर गेली. मी येतो म्हटलं. नको म्हणाली. ज्या सुरात म्हणाली, त्यावरून चित्रीकरण तिने बघितलेलं होतं.

मी खाली पेपर वाचत बसलो. या वेळी फोनचा आवाज चालू ठेवला होता. दहाच्या सुमाराला निरोप आला, ‘पाळीव प्राणी आढळला’. उघडून बघितलं तर आई होती. पाटावर पाय पोटाशी घेऊन, छत्रीच्या काळ्या गोलाखाली बसलेली, हातात काठी. यंत्राला तेवढा एक काळा गोळाच दिसला असणार. तिच्या पायाशी, छत्रीच्या सावलीत, सावकार. त्याने आळस दिला आणि फोन पुन्हा थरथरला, ‘व्यक्ती आढळली’.

हैदराबादहूनही लगेच हसण्याची सहा चित्रं आली.

साडेबाराला आई खाली आली. पाटीतल्या कुरडया आता बोट लावलं की खुळखुळत होत्या. पाणी पिता पिता तिने विचारलं, “काय रे, मगाशी तुझा फोन सारखा वाजत होता. काय म्हणत होतं ते?”

खरं सांगायची छाती झाली नाही. म्हटलं, “काही नाही. हालचाल आढळली म्हणे.”

“खोटारडं आहे,” आई म्हणाली. “मी अडीच तास जागची हलले नाहीये.”